जिल्हा सरकारी वकील: कोर्टात लढणारा की ऑफिस चालवणारा?

तळ्याकाठी

माझ्या मामेभावाला जिल्हा सरकारी वकील पदासाठी नाव देणार का, अशी विचारणा झाली आहे. फौजदारीत त्याची बरीच वर्षं प्रॅक्टिस आहे, नाव आहे, पक्षकार घरी येऊन बसतात. घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतो, एवढा मान चालून आलाय, नाही कसला म्हणतोस? वहिनीचं म्हणणं, चालती प्रॅक्टिस मोडायची आणि उद्या सरकार बदललं की घरी बसायचं, असला मान काय चुलीत घालायचा?

मला वाटायचं जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील म्हणजे मोठमोठे खून खटले स्वतः चालवणारा माणूस. भाऊ म्हणतो, तसं काही नसतं. कोणता खटला कोणाकडे, कोण रजेवर, कोणाचं बिल अडकलंय, कलेक्टरांच्या बैठकीत काय सांगायचं, यातच दिवस जातो.

माझं मत आधीच सांगते. जिल्ह्यातल्या अभियोगाचा प्रमुख कायमस्वरूपी सरकारी अधिकारी असावा, चार दिवसांसाठी नेमलेला वकील नसावा. इथे कोर्टाशी संबंध असलेले बरेच जण आहेत, अनुभव लिहा. राजकारण आणू नये ही विनंती.

वात्रट_वाडेकर

सरकारी वकिलाच्या नेमणुकीचा धागा आणि त्यात राजकारण नको. ताई, धागा इथेच कुलूपबंद करा मग.

कोर्टपक्षी

मी समोरच्या बाकावरचा, म्हणजे आरोपीच्या वकिलांतला. त्यामुळे यांना रोज बघतो.

आधी एक घोळ निस्तरू. महाराष्ट्रात जिल्ह्याला एक मुख्य सरकारी वकील नसतो, दोन असतात. सत्र न्यायालयात उभा राहतो तो जिल्हा सरकारी वकील आणि त्याचे सहकारी. ही सगळी प्रॅक्टिस करणारी वकील मंडळी, 1984 च्या विधी अधिकारी नियमांखाली विधी व न्याय विभागाने नेमलेली. जिल्हाधिकारी सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून नावांची यादी करतात, त्यातून सरकार निवडतं. किमान सात वर्षं वकिली झालेली लागते. दंडाधिकारी कोर्टात असतात ते सहाय्यक सरकारी अभियोक्ता. हे एमपीएससीतून आलेले, पगारी, गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाखालचे. त्यांचा जिल्ह्यातला साहेब म्हणजे सहाय्यक संचालक.

दोघांची ऑफिसं वेगळी, खाती वेगळी, मंत्रालयातले मजलेही वेगळे. आणि गुन्हा मात्र एकच! खुनाच्या आरोपीला अटक झाली की पहिली रिमांड दंडाधिकाऱ्यांपुढे, तिथे अभियोक्ता. पुढे खटला कमिट होऊन, म्हणजे वर्ग होऊन, सत्र न्यायालयात गेला की फाईल जिल्हा सरकारी वकिलाच्या टेबलावर. मधल्या काळात जामीन अर्जापुरती गाठ पडली तर पडली. रिमांडच्या वेळी तपासात काय राहिलंय हे ज्याला दिसलं होतं, तो साक्षीपुराव्याच्या वेळी आसपासही नसतो. आमच्या बाजूला अर्थात पहिल्या दिवसापासून एकच वकील असतो. आता तुम्हीच सांगा, फायदा कोणाचा.

खान्देशी_ठसका

म्हणजे उज्ज्वल निकम साहेब यातले कोण?

कोर्टपक्षी

@ खान्देशी_ठसका, ते विशेष सरकारी वकील. एखाद्या खटल्यापुरती नेमणूक, त्यासाठी दहा वर्षं वकिली लागते. 1993 चे बॉम्बस्फोट, कसाबचा खटला, हे सगळं त्या वाटेने. टीव्हीवर दिसतो तो विशेष. रोजचा संसार ओढतो तो जिल्हा सरकारी वकील, त्याला कोण विचारतो?

खान्देशी_ठसका

आमच्या जळगावचे ते. बिर्याणीसकट अभिमान आहे.

वात्रट_वाडेकर

कसाबने बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपणच रचली होती असं त्यांनीच 2015 ला जाहीर सांगून टाकलं. तरी लोकांच्या तोंडची चव जात नाही.

झेलम_

मी सहाय्यक सरकारी अभियोक्ता आहे, जिल्हा सांगत नाही.

तळ्याकाठी, तुमच्या भावाने जे वर्णन केलंय ते खरं आहे, पण त्याला कारकुनी म्हणू नये. सकाळी साडेदहाला बोर्ड, म्हणजे दिवसाच्या खटल्यांची यादी, हातात येतो. समजा पाच कोर्टं आणि माणसं तीन. एकाच वेळी एका कोर्टात डॉक्टरची साक्ष, दुसऱ्यात जामिनावर से (सरकारचं म्हणणं) द्यायचाय, तिसऱ्यात पंच फुटायच्या बेतात. डॉक्टर पुन्हा बोलावला तर कधी येईल देव जाणे, म्हणून जो पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट वाचू शकतो त्याला तिकडे पाठवायचं. जामिनाला तपास अधिकारी आलेला नाही, त्याला फोन लावायचा. नवख्याला पंचाच्या साक्षीला उभं केलं तर पंच फितूर झाल्यावर त्याचा उलटतपास घ्यायचा असतो हेच त्याला वेळेवर सुचत नाही. कोणाला कुठे उभं करायचं हा निर्णय चुकला की खटला तिथेच गेला, निकालपत्र नंतर येतं इतकंच. हा निर्णय साडेदहा ते अकरा या अर्ध्या तासात घ्यायचा असतो आणि तो ज्याला जमतो तो खरा प्रमुख. स्वतः उत्तम युक्तिवाद करणारे कित्येक या कामात साफ उताणे पडलेले पाहिलेत.

कायमस्वरूपी की नेमलेला, यावर रात्री लिहिते. उद्याच्या फायली वाचायच्यात.

शिरस्तेदार_निवृत्त

झेलम यांना अनुमोदन. माझी सगळी नोकरी कोर्टात गेली, किती जिल्हा सरकारी वकील आले नि गेले.

एक होते, त्यांच्याकडे लांबट लाल कापडी वही असे. डाव्या बाजूला खटला क्रमांक, मध्ये साक्षीदाराचं नाव, उजवीकडे शेरा: ‘समन्स लागले’, ‘गाव सोडले’, ‘मुलीकडे मुक्काम’, ‘दारू पितो, सकाळीच बोलवावा’. दर शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक पोलीस ठाण्याच्या पैरवी हवालदाराला (कोर्टाचं काम बघणाऱ्या) बोलावून पुढच्या आठवड्याचे साक्षीदार तोंडपाठ म्हणून घ्यायचे. समन्स तामील न करता परत आलं तर ‘मिळून आला नाही’ हा शेरा कोणी, कुठे बसून लिहिला ते विचारायचे. हवालदार त्यांना टरकून असत. युक्तिवाद म्हणाल तर अगदी बेताचा, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नसे. पण त्यांच्या काळात साक्षीदार नाही म्हणून तारीख पडली असं क्वचित झालं.

त्यांच्यानंतर आलेले गृहस्थ फर्डे वक्ते. वही कपाटात गेली.

मुक्ता_जो

साक्षीदारांचा विषय निघालाच आहे तर. आमच्या सोसायटीत जबरी चोरी झाली होती, मी प्रत्यक्ष पाहिलेली. समन्स आलं, रजा टाकून गेले, तारीख पडली. पुन्हा गेले, सरकारी वकीलच बदललेले. शेवटी साक्ष झाली त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये एक बाई धावत आल्या, काखेत नाडीने बांधलेल्या चार फायली. मला म्हणाल्या, “तुम्ही साक्षीदार का पंच?” मग माझा पोलिसांपुढचा जबाब माझ्या हातात दिला, म्हणाल्या वाचून घ्या, आणि स्वतः दुसऱ्या कोर्टात पळाल्या. परत आल्या तेव्हा पुकारा झालेला.

आरोपीचा वकील मात्र माझ्या जबाबातली ओळ न् ओळ पाठ करून आला होता. दिवे गेले होते का, किती अंतर होतं, चष्मा होता का... त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांच्याकडे चार फायली कोणी दिल्या त्याच्यावर आहे.

कोर्टपक्षी

@ मुक्ता_जो, तो मीच नव्हतो ना? (दिवा घ्या.)

इनामदार_वतनदार

सगळे खून-दरोड्यांवर बोलताय. आमचा जिल्हा सरकारी वकिलांशी संबंध आला तो भूसंपादनात. धरणात जमीन गेली, वाढीव मोबदल्यासाठी 1894 च्या कायद्याच्या कलम 18 खाली आम्ही कोर्टात गेलो, आणि समोर सरकारतर्फे उभे हेच साहेब. सकाळी खुन्याला फाशी द्या म्हणायचं आणि दुपारी शेतकऱ्याला गुंठ्याला एवढे पैसे कशाला म्हणायचं. दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यात. असल्या दाव्यांचे नुसते ढीग पडलेले असतात. माझ्या मते भावाने हेही विचारावं की दिवाणी बाजू सांभाळायला हाताखाली माणूस आहे का.

खान्देशी_ठसका

नगरपालिकेच्या केसेसही तेच बघतात का? आमच्याकडे अनधिकृत बांधकामाचा खटला वर्षानुवर्षं चालूय.

कोर्टपक्षी

नाही. नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद यांचे आपापले विधी अधिकारी आणि पॅनलवरचे वकील असतात. जिल्हा सरकारी वकील राज्य शासनाचा.

सिअ‍ॅटलवारी

इकडची, अमेरिकेतली गोष्ट सांगतो, तुलना म्हणून. आमच्या किंग काउंटीत (सिअ‍ॅटल ज्यात येतं तो जिल्हा) मुख्य अभियोक्त्याला लोक थेट मतदान करून निवडतात, दर चार वर्षांनी. त्याच्या ऑफिसात फौजदारी आणि दिवाणी दोन्ही शाखा, म्हणजे इनामदारांचं दुखणं इथेही आहेच. खाली गटागटाने विभाग, प्रत्येकाला एक ज्येष्ठ डेप्युटी प्रमुख. हे प्रमुख कोर्टात क्वचित दिसतात. पोलीस फक्त प्रकरण पाठवतात, आरोप ठेवायचा का आणि कोणता ठेवायचा हे अभियोक्त्याचं ऑफिस ठरवतं. त्याचे निकष लिहून जाहीर केलेले आहेत. हाताखालच्या तरुण वकिलाने आरोपीशी तडजोड करायची ठरवली तर वरिष्ठाची मान्यता लागते. थोडक्यात, निम्मा न्याय कोर्टाबाहेरच उरकतो.

नॉर्म मेलेंग नावाचे गृहस्थ इथे 1979 पासून 2007 मध्ये मृत्यू येईपर्यंत या पदावर होते. ग्रीन रिव्हर हत्याकांडातला गॅरी रिजवे सापडला तेव्हा फाशीवर सौदा करणार नाही असं त्यांनी सांगितलं होतं. पुढे त्याच्या वकिलांकडून प्रस्ताव आला, फाशी मागू नका, तो सगळे खून कबूल करेल, प्रेतं कुठे टाकली ते दाखवेल. हातात भक्कम पुरावा होता तो थोड्याच खुनांचा. मेलेंगनी मान्य केलं. 2003 मध्ये रिजवेने 48 खून कबूल केले, जन्मठेप झाली. एवढे खून करून फाशी नाही, यावरून पीडितांच्या घरांतही दोन मतं होती. पण निर्णय कोणी घेतला हे सगळ्यांना माहीत होतं, आणि पुढच्या निवडणुकीत त्या माणसाला जाब विचारता येत होता. आपल्याकडे एखादा खटला ढिला सोडला गेला तर जाब कोणाला विचारायचा?

वात्रट_वाडेकर

सरकारी वकिलाची निवडणूक! बॅनर डोळ्यांसमोर आले. ‘शंभर टक्के शिक्षा, आमचा एकच पक्का!’ आणि खाली शुभेच्छुक म्हणून वीस जणांचे फोटो, त्यातले तीन जामिनावर.

एडिसनचा_आप्पा

सिअ‍ॅटलवारी, सगळी अमेरिका तशी नाही हो. आमच्या न्यू जर्सीत काउंटीचा अभियोक्ता गव्हर्नर नेमतो, सिनेटच्या संमतीने, पाच वर्षांसाठी. निवडणूक नाही. पण मुदत ठरलेली, त्यामुळे गव्हर्नर बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी घरी जात नाही. तुमच्या निवडणुकीचा दुसरा चेहराही बघा. सॅन फ्रान्सिस्कोत निवडून आलेला अभियोक्ता चेसा बुदीनला 2022 मध्ये लोकांनी मुदतीआधीच परत बोलावलं, 2024 मध्ये शेजारच्या अलामेडा काउंटीत पामेला प्राइसला. खटल्याचा निर्णय घेताना मतदार डोळ्यांसमोर यावा का?

अवांतर: इथे गावपातळीवरही अभियोक्ता असतो, बहुधा स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून आठवड्यातले काही तास येणारा वकील. स्पीडिंगचं तिकीट मिळालं तेव्हा माझी गाठ पडली. रांगेत उभे सगळे, अर्धे गुजराती, उरलेल्यांत आपण. त्याने कागदावरून नजर न उचलता विचारलं, रेकॉर्ड स्वच्छ आहे? हो म्हटल्यावर ‘असुरक्षित ड्रायव्हिंग’ कबूल करा म्हणाला. त्याला लायसन्सवर पॉइंट्स नाहीत, पण दंडावर 250 डॉलरचा अधिभार. सही करेपर्यंत पुढचा माणूस बोलावलेला. न्यायाधीशाचं तोंड नंतर पाहिलं, ते फक्त बरं म्हणायला.

मुक्ता_जो

आप्पा, आपल्याकडे हेच काम सिग्नलला उभ्या उभ्या होतं, अभियोक्ता लागत नाही.

झेलम_

आले. कोर्टपक्षींनी मांडलेल्या दोन खात्यांच्या गोष्टीचा इतिहास सांगते, कारण मूळ प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

दंडाधिकारी कोर्टात पूर्वी पोलीस खात्यातलेच लोक खटले चालवायचे. 1973 ची फौजदारी प्रक्रिया संहिता आल्यावरही आपल्याकडे पोलीस प्रॉसिक्युटरच अभियोक्ता म्हणून राहिले, खातं तेच, साहेब तेच. 1995 मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्याला सांगितलं की यांना पोलीस खात्याच्या ताब्यातून बाहेर काढा, स्वतंत्र अभियोग विभाग करा. ज्याने तपास केला त्याच्याच हाताखालचा माणूस तपासातली भोकं कशी दाखवणार? आमची आजची नोकरी त्या निकालामुळे आहे.

म्हणजे नोकरीला स्थैर्य आहे. पण तळ्याकाठी, तुम्ही समजता तसं स्थैर्यातून आपोआप कणा येत नाही. आम्हालाही बदली आहे, गोपनीय अहवाल आहे. अप्रिय मत दिलं की कोकणातून थेट गडचिरोली. दुसरी गोष्ट, सत्र खटला चालवायला लागणारा सराव आमच्यातल्या अनेकांना मिळतच नाही. तुमच्या भावासारखा माणूस दुसऱ्या बाजूने खटले लढून आलेला असतो, बचाव पक्ष कुठे घुसणार ते त्याला आधीच दिसतं. ते पैसे देऊन मिळत नाही.

कोर्टपक्षी

पूर्ण सहमत, आणि कण्याचा विषय काढलात म्हणून.

सरकारी वकिलाच्या हातात दोन-तीन गोष्टी अशा आहेत जिथे त्याने स्वतःचं डोकं वापरायचं हे कायदाच सांगतो. खटला मागे घेणं, फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 321, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 360. आंदोलनांतले खटले मागे घ्यायचा शासन निर्णय निघतो, पण कोर्टात अर्ज सरकारी वकिलाने करायचा, स्वतः विचार करून, आणि कोर्टाने संमती द्यायची. मंत्रालयातून पत्र आलं म्हणून सही, असं चालत नाही, निदान कागदावर तरी. खासदार-आमदारांवरचे खटले तर 2021 पासून उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाहीत. नव्या कायद्यात पीडिताचं ऐकल्याशिवाय संमती नाही, हे चांगलं झालं.

दुसरं, मकोकात (संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात) आरोपीची कोठडी 90 दिवसांवरून 180 वर न्यायची तर सरकारी वकिलाचा स्वतंत्र अहवाल लागतो. हितेंद्र ठाकूर प्रकरणात 1994 मध्ये टाडाच्या (जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या) संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा टपालवाला नव्हे. प्रत्यक्षात काही अहवाल पोलिसांच्या अर्जाची खाडाखोडीसकट नक्कल असतात. मी तसे दोन कागद शेजारी ठेवून कोर्टाला दाखवलेत, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच. जामीन मिळाला. आमचं काय, आमचं भलंच झालं.

शिरस्तेदार_निवृत्त

तिसरी गोष्ट राहिली, अपील. आरोपी सुटला की वर जायचं का, याचं पहिलं मत जिल्ह्यातून जातं. मुदत 90 दिवसांची. निकालाची प्रत, मग मत, मग विधी व न्याय विभाग. यात फाईल कुठे झोपली तर विलंबमाफीचा अर्ज करत बसा. चांगला प्रमुख निकालाच्या दिवशीच प्रतीसाठी अर्ज टाकतो.

सिअ‍ॅटलवारी

म्हणजे आरोपपत्र दाखल करायचं की नाही यात तुमच्या सरकारी वकिलाला काहीच अधिकार नाही?

कोर्टपक्षी

नाही. सरला विरुद्ध वेलू या 2000 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की आरोपपत्राआधी सरकारी वकिलाचं मत घ्या असा आदेश कोर्टही पोलिसांना देऊ शकत नाही. तपास पोलिसांचा, खटला वकिलाचा.

मात्र 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम 20 ने थोडी वाट उघडली आहे. त्यात जिल्हा अभियोग संचालनालयाची सोय आहे. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचे गुन्हे सहाय्यक संचालकाच्या देखरेखीखाली, सात किंवा जास्त पण दहापेक्षा कमी शिक्षेचे उपसंचालकाकडे, त्याने पोलिसांचा अहवाल तपासायचाही, आणि दहा वर्षं किंवा जास्त, जन्मठेप-फाशीचे संचालकाकडे. तळ्याकाठींना हवाय तो ‘व्यवस्थापक’ हाच. आता हे पद आणि जिल्हा सरकारी वकील यांचं एकमेकांशी कसं जमणार, खरी मेख तिथे आहे.

वात्रट_वाडेकर

आधी दोन साहेब होते, आता तिसरा. फाईल तीच, नाडी तीच.

तळ्याकाठी

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षितच नव्हतं. माझं मत थोडं हललंय. पण वहिनीचा मुद्दा राहिलाच, सरकार बदललं की काय?

कोर्टपक्षी

उत्तर प्रदेशात 1990 मध्ये एका परिपत्रकाने सगळ्या जिल्ह्यांतले सरकारी वकील एका फटक्यात काढले होते. श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते मनमानी ठरवून रद्द केलं. पण 2004 च्या जोहरी मल निकालात हेही सांगितलं की मुदतवाढ हा वकिलाचा हक्क नाही. तेव्हा वहिनींना सांगा, एका फटक्यात नाही काढणार, मुदत संपल्यावर विचारणार नाहीत. आणि पदावर असताना सरकारविरुद्ध उभं राहता येत नाही, म्हणजे फौजदारी बचावाचं काम बंद. पक्षकार माझ्यासारख्यांकडे येतील. मी स्वार्थापोटी म्हणतो, त्याने नाव द्यावंच.

इनामदार_वतनदार

बिलं वेळेवर निघतात का ते आधीच्या साहेबांना खाजगीत विचारायला सांगा.

झेलम_

मी एकच सांगेन. नाव द्यायच्या आधी त्या ऑफिसात एक दिवस नुसतं बसून यावं. हाताखाली किती वकील, त्यातले साक्ष घेऊ शकणारे किती, साक्षीदारांना बसायला बाक आहे का, टंकलेखक आहे का. ते बघून ज्याला कामाला हात घालावासा वाटेल त्याने जावं. नुसते गाजलेले खटले चालवायची हौस असेल त्याने विशेष सरकारी वकील होण्याची वाट बघावी.

तळ्याकाठी

भावाला धागा वाचायला दिला. तो काल जाऊन आला. वकील पुरेसे नाहीत, बाक आहे, टंकलेखक एकच होता, तो निवडणुकीच्या कामाला कलेक्टर ऑफिसने नेलाय. शिरस्तेदार काका, तो म्हणतोय त्या लाल वहीचे रकाने कसे होते ते जरा सविस्तर लिहा.

शिरस्तेदार_निवृत्त

उद्या सकाळी आखून फोटो टाकतो.